यल्लप्पाचं अकरावं दान

जगात कुठलीच गोष्ट नक्की नसते, हे नक्की ठाऊक असलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात गणिताचा मास्तर होता. बाकी आपण सगळे 'येतो नक्की', 'करतो नक्की' म्हणत आयुष्य काढतो आणि येतही नाही, करतही नाही. सरांनी तो शब्द तोंडातून कधी काढला नाही. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन गेलो तेव्हा त्यांनी ती नीट वाचली, तारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "दहात सात." मला वाटलं पत्रिकेत सात चुका निघाल्या. ते म्हणाले, "येण्याची शक्यता सांगतोय. गुडघा, ऊन आणि रिक्षा धरून." लग्नाला आले, पोटभर जेवले आणि निघताना "सातात पडलो बघा" म्हणून आहेराचं पाकीट हातात ठेवून गेले. माझ्या बायकोला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा डॉक्टर सगळ्यांना 'काळजी करू नका' सांगत होते आणि एकटे सर त्यांना कोपऱ्यात गाठून "कितीत किती?" विचारत होते. डॉक्टर चिडले, पण आकडा सांगितला. खरं सांगतो, मला धीर आला तो त्या आकड्यानं. 'काळजी करू नका'मध्ये धरायला काही नसतं.

असा माणूस निवृत्त झाल्यावर शिकवण्या घेईल, फार तर पंचांग मांडेल. सर विज्ञानकथा लिहायला लागले. त्याही अंतराळातल्या नव्हेत, तर सोलापूरच्या, अजून शंभर-दीडशे वर्षांनी जे उरलं असेल त्या सोलापूरच्या. तिथं महानगरपालिका संपलेली असते आणि 'नगरयंत्र' नावाचा संगणक गाव चालवतो. नळाला पाणी कधी यायचं, हे तो सोडत काढून ठरवतो. (हे वाचून आमच्या छापखान्यातला कंपोझिटर म्हणाला होता, "म्हणजे तेव्हा सुधारणा झालेली असणार की.") माणसांच्या मनगटात कातडीखाली तांदळाएवढी चिप असते. चादरीत सुतासोबत तारा विणतात आणि त्या चादरी पांघरणाऱ्याची स्वप्नं ऐकून यंत्राला कळवतात. पडक्या गिरणीच्या चिमणीखाली जुगाराचे अड्डे असतात, त्यांच्या पाट्या मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत लखलखत असतात. आणि या यंत्राला फसवणारे चोर कीबोर्ड बडवत नाहीत. ते जेकार्ड मागाला लागतात तसली पुठ्ठ्याची कार्डं घेऊन हातानं त्यांत भोकं पाडतात, कारण सरांच्या वडिलांनी जन्मभर तेच केलं होतं. चादरीवर मोर कुठे यायचा आणि कमळ कुठे, हे त्या भोकांवर ठरतं. गाव तरी दुसऱ्या कशावर चालणार, असा सरांचा रोकडा सवाल. माझ्या पुतण्यानं दोन कथा वाचल्या आणि या प्रकाराला सायबरपंक म्हणतात अशी बातमी आणली. मी ती सरांना पोचवली. "आपल्याला पंक्चर तेवढं ठाऊक," सर म्हणाले. "नाव काय का असंना, गणित बरोबर हाय का विचारा त्याला."

सगळ्या कथांचा नायक एकच, यल्लप्पा नावाचा विणकर. तो प्रत्येक कथेत नगरयंत्राशी पैज लावतो. कधी आपल्या गल्लीच्या पाण्यासाठी, कधी आईच्या औषधासाठी, एकदा तर नुसता झोपताना चादर बंद ठेवायच्या परवानगीसाठी. पैजेचा खेळ सरांनी स्वतः शोधला होता. चिंचोक्याच्या सहा फोडी घ्यायच्या, एक अंग पांढरं, एक तपकिरी. एकदम टाकायच्या. सहाच्या सहा पांढऱ्या पडल्या तर यल्लप्पा जिंकला. दहा दानं मिळतात. सहाही पांढरं पडणं म्हणजे चौसष्टात एक, पण चिंचोका सरळ असेल तर. आणि चिंचोका सरळ नसतो, हा शोध लागल्यावर सरांनी दोन उन्हाळे त्यात घातले. दगडावर फोडी घासायच्या, हजारदा टाकायच्या, वहीत रेघा मारायच्या, परत घासायच्या. त्यांच्या घरी गेलं की ते एखादी फोड माझ्यासमोर धरून "ही अजून हट्टी हाय, पांढऱ्याकडं झुकती" असं काही तरी काळजीनं सांगत. शेजारणीनं आंबट वरणासाठी सोललेल्या चिंचेतले सगळे चिंचोके ते आधी मागून घेत, त्यामुळे आळीत त्यांना दमा आहे आणि त्यावरचं हे औषध आहे, असा समज होता.

पण खरी गंमत पुढेच आहे. सर कथा मनानं लिहीतच नसत. यल्लप्पाच्या पैजेपर्यंत आले की पेन खाली ठेवायचं, फोडी उचलायच्या आणि दान टाकायचं. जे पडेल ते लिहायचं. तीन पांढरी पडली तर कागदावर तीनच. दहा दानं झाली की पैज संपली, कथा संपली. नऊ कथांत यल्लप्पा नव्वददा खेळला आणि एकदाही जिंकला नाही. पुण्याच्या एका संपादकानं कळवलं, कथेत थोडा प्रेमाचा धागा हवा. सरांनी उत्तरात, हातमागाच्या कामगारावर नगरयंत्रातल्या बाईच्या आवाजाचं प्रेम बसण्याची शक्यता दीड पानात मांडून पाठवली. त्यानंतर पुण्याहून काही आलं नाही. मग ते माझ्याकडे आले.

मी सोलापुरातून एक दिवाळी अंक काढतो. म्हणजे वडील काढत होते, म्हणून मी काढतो. पाऊण अंक जाहिराती, उरलेल्या पावात साहित्य आणि राशिभविष्य. वडिलांचा एक नियम होता, की दिवाळीच्या अंकात शेवटच्या पानावर कुणाला रडवायचं नाही. सणाचा अंक आहे, फराळाच्या ताटाशेजारी वाचतात, शेवट गोडच हवा. हा नियम मी वाडवडिलांच्या देवासारखा पूजत आलो. त्यामुळे सरांची कथा आली की दरवर्षी आमचं ठरलेलं भांडण व्हायचं. एकदा मी त्यांनाच गणितात पकडायला गेलो. म्हणालो, "सर, एका दानाला चौसष्टात एक, पण दहा दानं टाकली तर सातांतल्या एखाद्या कथेत जिंकतोच की. मग आठ कथा झाल्या, एकदा जिंकू द्या ना." त्यांनी माझ्याकडे, बऱ्याच वर्षांनी एखाद्या विद्यार्थ्याचं उत्तर बरोबर यावं, तसं बघितलं. मग म्हणाले, "हिशेब बरोबर हाय. पण जिंकल्यावर तो अकरावं दान मागणार. त्याचं काय?" आणि वर नेहमीचं वाक्य: "टाकलेलं न्हाय ते लिहायचं न्हाय."

आता धाकट्याबद्दल सांगितलं पाहिजे. सर बिनलग्नाचे, घरात ते आणि त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान भाऊ. घरच्या दोन यंत्रमागांवर भाऊ टॉवेल काढायचा. हसरा, गोड गळ्याचा, कुणाच्याही दारात थांबून गप्पा मारणारा. टाळेबंदीत माग थांबले आणि त्याच्या मोबाइलमध्ये पैसे लावून खेळायचा पत्त्यांचा एक खेळ आला. पहिल्याच दिवशी तो जिंकला. आळीत त्यानं पेढे वाटले, मलाही मिळाला. सगळ्यांनी खाल्ला, एकट्या सरांनी पेढा हातात धरून ठेवला आणि नंतर कोनाड्यात ठेवून दिला. पुढचं सांगण्यात अर्थ नाही, तुमच्याही आळीत एक असा असेल. माग गेले. त्या जागी आता सायकल लावतात. त्याची बायको तेलंगणात माहेरी गेली ती तिकडेच राहिली. सर मला एकदाच म्हणाले होते, "त्याला हरल्यानं न्हाय खाल्लं. पहिल्या दिवशी जिंकला, त्यानं खाल्लं."

त्यानंतर सरांनी केलं ते कुठल्या डॉक्टरला सुचलं नसतं. त्यांनी भावाचा मोबाइल घेऊन बटणांचा दिला आणि संध्याकाळी सहाला त्याला ओट्यावर बसवून चिंचोक्याच्या फोडी त्याच्या हातात दिल्या. आजपासून यल्लप्पाची दानं तू टाकायची. मी लिहिणार, तू टाकणार, वहीत सही तुझी. जिंकलं तरी मिळणार काही नाही, हरलं तरी जाणार काही नाही. हाताला खाज आहे ना, मग हात चालू दे. शेवटच्या तीन कथा वर्षभरात अशाच झाल्या. एक संध्याकाळ मी स्वतः तिथं होतो. भाऊ ओट्यावर मांडी घालून बसला होता, मूठ कानाशी नेऊन हलवत होता, आतल्या खोलीत सर ताटात कडक भाकरी मोडत होते. दान पडलं. चार पांढरी. भाऊ ओरडला, "अण्णा, चार!" आतून आवाज आला, "लिही की." त्यानं लिहिलं, सही केली आणि मला म्हणाला, "लई अवघड हाय हो ह्ये. पडतच न्हाय. दर वेळी टाकतोय, पडतच न्हाय." म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी आराम म्हणेन. वर्ष होत आलं होतं त्याला मोबाइलच्या खेळाला हात न लावून. सर त्या रेघांच्या वहीतून त्याला एकेका दिवसानं परत आणत होते, आणि हे मला माहीत होतं. हे सगळं मला माहीत होतं, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं.

त्या वर्षीची कथा आली ती त्यांच्या सगळ्या कथांत उजवी होती. नगरयंत्रानं पूर्व भागाचं पाणी कायमचं तोडलेलं असतं आणि यल्लप्पा त्यासाठी खेळतो. नऊ दानं जातात. दहाव्याला पाच फोडी पांढऱ्या पडतात, सहावी गिरकी घेत राहते, सगळी गल्ली श्वास धरून बघते, आणि ती तपकिरी पडते. शेवटचं वाक्य होतं, 'यल्लप्पानं फोडी गोळा केल्या आणि तो घरी गेला.' मी ती दोनदा वाचली. मग वडिलांचा नियम आठवला, जाहिरातदार आठवले, आणि मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "धाकट्यानं टाकलंय. पाचच पडली." मी बरं म्हणालो. फोन ठेवला. आणि छपाईला जायच्या आदल्या दिवशी स्वतः बसून कथेच्या शेवटी चार ओळी वाढवल्या. नगरयंत्राला कुठली तरी दया येते, ते यल्लप्पाला अकरावं दान देतं, सहाच्या सहा पांढऱ्या पडतात आणि अख्ख्या पूर्व भागात नळांना पाणी येतं, ओट्याओट्यावर पणत्या लागतात. चांगल्या ओळी होत्या. त्याचा अजूनही राग येतो मला, की त्या चांगल्या होत्या.

अंक गाजला. शेवट वाचून डोळे भरून आले, अशी पत्रं आली. एका वाचक मंडळानं कथेला पारितोषिक जाहीर केलं. मी हवेतच होतो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सर छापखान्यात आले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. अंक उघडून त्या पानावर बोट ठेवलं, माझ्या मुलीच्या पत्रिकेवर ठेवलं होतं तसं.

"हे दान कुणी टाकलं?"

"सर, कथेची गरज म्हणून..."

"हातानं टाकलं का तुमी?"

"नाही."

"मग पडलं कसं?"

 मी हसलो. माझ्या आयुष्यात मी बऱ्याच चुकीच्या ठिकाणी हसलो आहे, पण इतक्या चुकीच्या नाही. सर चिडले नाहीत. शाळेत फळ्यावर उदाहरण सोडवतात तशा आवाजात त्यांनी काय झालं ते सांगितलं. अंक टपालानं आला तेव्हा ते बाहेर होते. भावानं फोडला, कथा वाचली, आणि सर आल्या आल्या विचारलं, "अण्णा, मी नसताना टाकलंस व्हय? सहाच्या सहा पडली की. मला का न्हाय सांगितलंस?" सरांनी सांगितलं, असं कुठलंही दान पडलेलं नाही, संपादकानं मनानं लिहिलंय. भाऊ नुसता हसला. "छापून आलंय की अण्णा," म्हणाला. "तू मला वर्षभर पडत न्हाय, पडत न्हाय म्हणतोस. अकराव्याला पडत असणार. मी दहालाच थांबत होतो."

मी म्हटलं, माझी चूक झाली, पुढच्या अंकात शुद्धिपत्र देतो. सर म्हणाले, "अंक वर्षानं. मला एक पत्र द्या. छापखान्याच्या कागदावर, शिक्का मारून. 'अकरावं दान झालेलं नाही, ते संपादकानं घातलं.' माझं खोटं वाटतं त्याला, छापलेलं खरं वाटतं. तुमचा शिक्का बघंल तर ऐकंल." मी म्हटलं, देतो. आणि पुढं म्हणालो, "नक्की." त्या शब्दाबरोबर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चप्पल घालून निघून गेले.

एका ओळीचं पत्र. ते लिहायला मला दिवाळीपासून संक्रांत लागली. पारितोषिकाचा समारंभ डिसेंबरात होता, त्याआधी असला कागद बाहेर जायला नको, हे त्याचं खरं कारण. बाकी कारणं मी तेव्हा बरीच सांगत होतो, छपाईची देणी, डोळ्याचं ऑपरेशन, कागद संपलाय. समारंभाला सर आले नाहीत. शाल-श्रीफळ त्यांच्या वतीनं मीच घेतलं, भाषणही केलं. संक्रांतीला तिळगुळाबरोबर पत्र घेऊन गेलो तर ओट्यावर कुणी नव्हतं. भाऊ चार दिवसांपूर्वी घर सोडून गेला होता. भिवंडीला मागावर काम मिळालंय, असं एका मित्राजवळ बोलला होता म्हणे. मोबाइल नवा होता, नंबर बंद होता. सरांनी पत्र वाचलं, शिक्का नीट उमटलाय का तेही बघितलं, घडी घालून फोडींच्या डबीखाली ठेवलं. "तिळगुळ घ्या," मीच म्हणालो. त्यांनी घेतला. गोड बोला, हे मात्र दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही.

पुढच्या दिवाळीला मी शुद्धिपत्र छापलं, शेवटच्या पानावर, चौकटीत. एकाही वाचकाचं पत्र आलं नाही. त्या पानावर कुणाला रडवायचं नाही, हा नियम शेवटी पाळला गेला असं म्हणायचं. मध्यंतरी सरकारनं पैशाचे असले खेळ कायद्यानं बंद केल्याचं पेपरात आलं. मी ते कात्रण सरांकडे घेऊन जाणार होतो, पण नेऊन काय म्हणायचं ते ठरेना.

तरी जातो मी अधूनमधून. गेल्या महिन्यात गेलो. गुडघा आता फार धरलाय, शिकवण्या बंद झाल्यात, शेंगाचटणी दातांना चालत नाही म्हणून दह्यात कालवून खातात. सहा वाजले तसे उठले, आतून डबी आणली, ओट्यावर सहा फोडी मांडल्या आणि शेजारी वही उघडून ठेवली. मला वाटलं टाकणार. टाकल्या नाहीत. नुसते बसून राहिले. वहीत वर लिहिलेलं होतं 'कथा दहावी', खाली एक परिच्छेद, आणि त्याच्याखाली एकापासून दहापर्यंत आकडे, समोर जागा कोरी. मी परिच्छेद वाचला. यल्लप्पा नगरयंत्रासमोर मूठ आवळून उभा आहे, एवढंच होतं. चार वर्षं तो तसाच उभा आहे.

"तुम्हीच टाका की सर," मी म्हणालो. "कथा पुरी होईल."

"माझा हात न्हाय तो," ते म्हणाले. "सही त्याची लागती."

रस्त्यावरून माल भरलेल्या दोन हातगाड्या गेल्या. पलीकडच्या शेडमधल्या मागांचा आवाज चालू होता. तो या आळीत इतका मुरलेला आहे, की थांबला तरच ऐकू येतो. सरांनी डबीखालचं माझं पत्र काढलं, शिक्क्यावरची धूळ पुसली, परत ठेवलं. ते अजून जपून का ठेवलंय, हे विचारायचं धाडस मला झालं नाही, पण ते कुणाला दाखवायला ठेवलंय हे कळायला गणित लागत नव्हतं.

"येईल का हो परत?" मी विचारलं.

"येणार की."

मी थांबलो. दहात किती, शंभरात किती, गुडघा आणि रिक्षा धरून किती, काही तरी आकडा पुढं येईल म्हणून वाट बघत राहिलो. सरांनी एक फोड उचलली, तिच्यावरची मुंगी फुंकरली आणि ती इतर पाचांच्या ओळीत सरळ ठेवली. आकडा काही आला नाही.